होडीवर ट्रोलिंगचं सामान स्वतः बसवताना : आधी ओढ कुठे जाते ते पाहा, भोक नंतर पाडा

हा लेख जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरबद्दल नाही. चालत्या होडीच्या मागे गऱ्या ओढत सुरमई, कुपा, गेदर मारायची जी पद्धत आहे, तिचं सामान होडीवर कसं बसवायचं, एवढंच इथे सांगतो. डोळ्यांसमोर होडी आपल्या कोकण किनाऱ्यावरची नेहमीची आहे : २८ फुटी, उघडी, फायबरची, मागे एक आउटबोर्ड इंजिन. रुंदी दोन मीटरच्या आसपास. मांडणी चार गऱ्यांची : दोन बाजूंना दोन लांब काठ्या आणि मागच्या कोपऱ्यांत दोन रॉड.

बहुतेक जण कामाला उलट्या टोकाकडून लागतात. आधी लुअर (नकली आमिषं) येतात, मग रॉड होल्डर येतात. मग एखाद्या दुपारी ड्रिल हातात घेऊन काठावर भोकं पडतात आणि काठी कुठे, दोरी कशी, ताण कोण घेणार हे प्रश्न शेवटी उरतात. अशा होड्यांवर पहिल्याच हंगामात काठीच्या पायाभोवती फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसतात. त्यातून पाणी आत शिरतं आणि आतलं लाकूड कुजतं. सामान महाग असो की स्वस्त, क्रम चुकला की हेच होतं.

टप्पा १ : तुटायचं काय, हे आधी ठरवा

गरी दरवेळी माशालाच लागते असं नाही. कधी ती दुसऱ्याच्या जाळ्याच्या बोयाला लागते, कधी खडपाला, कधी वाहत्या ओंडक्याला. होडी पाच नॉटने चालली असेल तर सेकंदाला अडीच मीटर पुढे जाते. अशा वेळी काहीतरी तुटणारच. जे तुटेल ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दूर असलं पाहिजे, म्हणजे आमिषाजवळचं.

म्हणून ताकद आमिषाकडून होडीकडे वाढत गेली पाहिजे. ट्रेस वायर, म्हणजे गरीलगतचा तारेचा तुकडा, ४०-५० किलोची. त्यामागची मुख्य दोरी, म्हणजे २ मिमीचं तंगूस, १०० किलोच्या वरची. त्यामागचं रबर आणि त्याची जोडदोरी त्याहून भक्कम. होडीवरचा खुंटा सगळ्यांत भक्कम. कागदावर ही उतरंड लिहा आणि प्रत्येक वस्तूपुढे तिची ताकद मांडा. मध्ये कुठे आकडा खाली आला, तर ती वस्तू बदला. स्विव्हल (दोरीचा पीळ सोडवणारी फिरती कडी) आणि छोट्या कड्या इथेच दगा देतात. त्यांच्या पाकिटावरचा आकडा कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काठीने दोरी फक्त बाजूला धरायची, मासा होडीने धरायचा. मुख्य दोरीचं टोक काठीला बांधू नका. ते मागच्या खुंट्याला, रबर मध्ये घेऊन बांधा. काठीच्या टोकाशी ती दोरी एका क्लिपमध्ये किंवा रबरबँडमध्ये अडकवायची. मासा लागला की क्लिप सुटते आणि सगळा ताण थेट खुंट्यावर जातो. मधली ढिली दोरी चालती होडी क्षणात ताणून घेते.

मग काठीला भक्कम पाया कशाला? कारण क्लिप कधीतरी अडकते. मीठ बसलं, वाळू गेली, गाठ क्लिपशी येऊन थांबली की ती सुटत नाही. म्हणून काठी आणि तिच्या ताणदोऱ्या ट्रेस तुटेपर्यंत टिकतील अशाच बांधायच्या.

आता आकडे पाहू. काठी साडेचार मीटरची, टोकाशी मागे ओढणारा ताण ५० किलो. पायाशी मुरडणारा जोर झाला ५० गुणिले साडेचार, म्हणजे २२५ किलोग्रॅम-मीटर. पायाची पट्टी १५ सेंटिमीटरची असेल आणि सगळा भार तिच्यावरच सोडला, तर कडेच्या बोल्टांवर सुमारे १५०० किलो येतात. बोल्ट कदाचित टिकतील, फायबर टिकणार नाही.

आता काठीवर पायापासून ३ मीटरवर एक दोरी बांधा. तिचं दुसरं टोक काठावरच, पायापासून ३ मीटर नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला नेऊन बांधा. दोरी काठीशी ४५ अंशांचा कोन करते. तोच ५० किलोचा ताण आला तर या दोरीवर येतात जेमतेम १०६ किलो. ६ मिमीची चांगली नायलॉन दोरी हे सहज पेलते. पायाचं काम मग काठीला जागेवर धरण्यापुरतंच उरतं. तुमचे आकडे वेगळे असतील तर हा हिशोब स्वतःच्या काठीसाठी पुन्हा मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

टप्पा २ : खडू, सुतळी आणि एक तात्पुरता बांबू

या टप्प्यात ड्रिल घरीच ठेवा.

काठीचा पाया होडीच्या मध्यापासून थोडा पुढे, जिथे रुंदी जास्त आहे तिथे घ्या. तो फार मागे घेतला तर गऱ्या इंजिनाच्या फेसात आणि एकमेकींत येतात. फार पुढे घेतला तर पुढच्या ताणदोरीला जागा उरत नाही, आणि ती ३ मीटर जागा हवीच. जागा खडूने आखा, बांबू दोरीने काठाला बांधून उभा करा आणि पुढच्या गोष्टी प्रत्यक्ष करून पाहा :

- काठी मागे दुमडून काठावर निजवली तर तिचं टोक मागच्या फळीच्या बाहेर येतं का? येत असेल तर जेटीला लावताना ते कुणाच्या तरी होडीला लागणार.
- तुमचं जाळं ज्या बाजूने ओढता त्या बाजूला पाया आडवा येतो का? एकाच होडीवर जाळंही आणि गरीही असेल तर हा प्रश्न आधी सोडवा. नंतर पाया हलवणं म्हणजे जुनी भोकं बुजवणं आलं.
- सुकाणूवर बसलेल्या माणसाचा हात क्लिपच्या दोरीपर्यंत पोचतो का? पोचायला हवा.
- इंजिन पूर्ण वर उचललं तर मागचे रॉड त्याला लागतात का?

बांबू बांधलेलाच ठेवून शांत पाण्यात खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारा. काठीच्या टोकावरून गरी न लावलेली नुसती दोरी सोडा आणि इंजिनाचा फेस कुठवर पसरतो ते पाहा. बाहेरची दोरी फेसाच्या बाहेर, स्वच्छ पाण्यात चालली पाहिजे. साडेचार मीटरची काठी ४५ अंशांवर उभी केली तर तिचं टोक काठापासून सुमारे ३.२ मीटर बाहेर जातं. म्हणजे दोन मीटर रुंद होडीवर टोकापासून टोकापर्यंत सुमारे ८.४ मीटर मिळतात. चार गऱ्यांना एवढं पुरतं. काठी आणखी खाली झुकवून जास्त रुंदी घ्यायचा मोह होतो, पण होडी डोलली की टोक पाण्यात बुडतं आणि काठी मोडते. ४० अंशांच्या खाली जाऊ नका.

तपासणी : आखलेल्या प्रत्येक जागेखाली हात घाला. वायर, पेट्रोलची नळी, टाकीची हवा जाणारी नळी, फोम यांतलं काय आहे ते बोटांनी चाचपा. जिथे हात जात नाही तिथे भोक पाडायचं नाही, कारण तिथे मागून नटही लावता येणार नाही.

टप्पा ३ : सामान घेताना

मोजकं सांगतो, पण हे नेमकंच घ्या.

बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत. दुकानदार ‘एसएस’ म्हणून बहुधा ३०४ देतो. त्याला खाऱ्या पाण्यात तांबूस डाग पडतात आणि आतून खड्डे पडतात. लोहचुंबकाने यातला फरक कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए४ असं उठवलेलं असतं ते पाहा. ए२ असेल तर तो ३०४. पायाला ८ मिमीचे, रॉड होल्डरला ६ मिमीचे, आरपार जाणारे घ्या. नट आतून नायलॉनची कडी असलेले आणि वॉशर मोठे, जाड. लाकडात फिरवायचे स्क्रू या कामात कुठेच वापरू नका, ‘तात्पुरते’ म्हणूनही नको.

सीलंट पॉलियुरेथेनचं, बोटींसाठी असतं ते. बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते लावू नका. ते धातूला खातं, आणि एकदा लावलं की त्या जागेवर पुढे रंग किंवा रेझिन धरत नाही.

पाठीच्या फळीसाठी १२ मिमीचं मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० चा शिक्का आहे ते. सोबत इपॉक्सी. ६ मिमीची नायलॉन दोरी, चार छोट्या कप्प्या, आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पट्टे. पन्नास किलोपर्यंतचा स्प्रिंगचा वजनकाटाही घ्या. या सगळ्या कामात तो सर्वांत उपयोगी आहे आणि तो कुणाकडेच नसतो.

वेळ कोणती? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणून लोक हे काम पावसात काढतात. फायबर आणि रेझिनचं काम ओल्या हवेत, ओल्या लाकडावर नीट धरत नाही. होडी वर घेतल्याबरोबर, मेअखेरीस कोरड्या दिवसांत भोकं आणि फळ्या उरका. गऱ्या, ट्रेस, दोऱ्या बांधायचं काम पावसात घरी बसून करा. आणि परवान्यात या साधनाची नोंद लागते का, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला या काळातच विचारून घ्या.

टप्पा ४ : पाठीची फळी

फायबरचा काठ दिसतो भक्कम, पण बोल्टच्या एका बिंदूवर ताण आला की तो चिरतो. ताण पसरवायला आतून फळी लागते. हा टप्पा लोक वगळतात, कारण तो बाहेरून दिसत नाही.

फळी पायाच्या पट्टीच्या निदान दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद कापा. चारही कोपरे गोल करा. टोकदार कोपरा असला की ताण तिथेच जमतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. सगळ्या बाजूंना, कापलेल्या कडांना तर दोनदा, इपॉक्सी पाजा आणि वाळू द्या.

होडीच्या आतल्या बाजूचा रंग ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून मूळ फायबर उघडं करा. धूळ पुसा. फायबरची धूळ फुफ्फुसाला वाईट असते, म्हणून मास्क लावा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मग घट्ट कालवलेली इपॉक्सी फळीवर पसरून ती दाबून बसवा. आतली बाजू वाकडी असेल तर पोकळी इपॉक्सीनेच भरून निघाली पाहिजे. फळी आणि फायबर यांच्यात हवा राहिली तर बोल्ट आवळताना फायबर आत खेचलं जाऊन तडकतं.

पुढच्या ताणदोरीच्या कडीलाही अशीच फळी हवी. त्या कडीवर शंभर किलो येणार आहेत, हे विसरलं जातं. खुंट्याच्या मागे तर हवीच, कारण मासा शेवटी तिथे आहे.

तपासणी : दुसऱ्या दिवशी फळीवर लाकडी दांड्याने ठोका. सगळीकडे सारखा भरीव आवाज आला पाहिजे. कुठे पोकळ वाजलं तर तिथे बारीक भोक पाडून इपॉक्सी भरा.

टप्पा ५ : भोकं

सावधान : आधी पेट्रोलची टाकी होडीबाहेर काढा, बॅटरीची जोडणी सोडा, आणि तळाशी पेट्रोलची वाफ साचली नाही ना ते पाहा. ड्रिलच्या ठिणगीला तेवढी वाफ पुरते.

जागेवर कागदी टेप चिकटवा आणि तिच्यावर आखणी करा. पट्टी ठेवून फक्त एका भोकाची खूण करा, ते भोक पाडा, बोल्ट सैल अडकवा, मग उरलेल्या तिघांच्या खुणा करा. चारही खुणा एकदम केल्या की एखादं भोक हमखास सरकतं.

आधी ३ मिमीचं बिट. मोठं बिट वरच्या चकचकीत थराला लागतं तेव्हा तो उडतो. त्यामुळे सुरुवातीचे काही फेरे ड्रिल उलटं फिरवा, थर घासला गेला की मग सरळ. भोक पूर्ण झालं की तोंडाशी किंचित उतार द्या. या उताराचे दोन फायदे. बोल्टच्या दाबाने वरचा थर तडकत नाही, आणि सीलंटला तिथे बसायला जागा मिळते.

काठाच्या आत लाकूड किंवा फोमचा गाभा असेल, तर बिटवर बाहेर येणाऱ्या भुशावरून ते कळतं. पांढरी पूड म्हणजे फायबर, तपकिरी भुसा म्हणजे लाकूड. भुसा ओला असेल तर थांबा : गाभा आधीच कुजायला लागला आहे, त्यावर काहीही बसवू नका. कोरडा असेल तर भोक मुद्दाम मोठं करा, सगळं इपॉक्सीने भरा, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या नळीतून जातो आणि गाभ्याला पाणी लागत नाही.

रॉड होल्डरचं भोक तिरकं असतं, म्हणून ते जास्त चुकतं. होल्डर ३० अंशांचा असेल तर ३० अंशांत कापलेला एक लाकडी ठोकळा करा, त्यातून होल सॉ (गोल भोक कापणारी ड्रिलची करवत) चालवा, आणि ठोकळा काठावर शिकंज्याने आवळून त्याच भोकातून फायबर कापा. नुसत्या हाताने तिरकं भोक पाडायला गेलात तर सॉ घसरते. कापण्याआधी होल्डर बाहेरून काठाशी धरून पाहा, त्याचं खालचं टोक होडीच्या कुशीला टेकतंय का. टेकत असेल तर जागा आत सरकवा.

रॉड सरळ मागे रोखू नका. मागच्या कोपऱ्यातला रॉड साधारण ३० अंश बाहेर झुकलेला हवा, म्हणजे दोन दोऱ्यांत अंतर राहतं आणि वळताना दोरी इंजिनावर येत नाही.

सीलंट आणि आवळणं. इथे घाई नडते. बोल्टच्या मानेला आणि पट्टीखाली सीलंट भरपूर लावा, बोल्ट घाला आणि नट फक्त बोटांनी आवळा, कडेने सीलंट थोडं बाहेर येईपर्यंत. मग सोडून द्या. एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पान्याने नट पाव-अर्धा फेरा आवळा. पहिल्याच दिवशी पूर्ण आवळलं तर सगळं सीलंट बाहेर पडतं आणि आत धातूवर फायबर उरतं. आवळताना बोल्टचं डोकं एका पान्याने स्थिर धरा आणि फिरवा नट. बोल्ट फिरला की सीलंटची पकड सुटते. स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडे जोरात आवळले तर एकमेकांत अडकून बसतात, म्हणून आट्यांना थोडं ग्रीस लावा.

पट्टी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर दोघांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची गाठ पडली की ॲल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं.

टप्पा ६ : काठी

बाजारातली फायबर किंवा ॲल्युमिनियमची काठी चालेल. पण सिंधुदुर्गात-रत्नागिरीत राहणाऱ्याला माणगा या बांबूइतकी चांगली काठी विकत मिळणार नाही. माणगा जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो, काटे नसतात, आणि वाकून परत सरळ होतो. बुंध्याशी साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर जाडीचा, तीन वर्षांहून जुना, थंडीत तोडलेला घ्या. पावसात तोडलेल्या कोवळ्या बांबूला भुंगा लागतो. सावलीत, आडवा, तीन-चार ठिकाणी टेकू देऊन सुकवा. उन्हात ठेवला तर तो चिरतो.

दोन्ही काठ्या एकाच जाडीच्या निवडा. हाताने वाकवून पाहा, दोघी सारख्या वाकल्या पाहिजेत. एक मऊ आणि एक ताठ असली की एकाच सेटिंगवर दोन्ही बाजूंच्या क्लिपा वेगळ्या ताणाला सुटतात.

बांबूला बोल्टसाठी भोक पाडू नका, तो तिथूनच उभा फाटतो. कप्पी आणि ताणदोरीची कडी पेराच्या गाठीच्या लगेच पलीकडे दोरीने घट्ट गुंडाळून बांधा, म्हणजे ती सरकत नाही. वरून इपॉक्सी पाजा. बुंधा पायाच्या पाइपात बसतो तिथे रबराचा पट्टा गुंडाळा, नाहीतर पाइपाची कड बांबू कापते. काजूच्या टरफलाचं तेल लावणार असाल तर हातमोजे घालून लावा, कातडीला लागलं तर फोड येतात.

टप्पा ७ : ताणदोऱ्या

प्रत्येक काठीला तीन दोऱ्या, आणि बांधायचा क्रम हाच :

१. वरची. काठीवर ३ मीटरच्या खुणेपासून होडीच्या मध्यावरच्या दोन मीटर उंच पाइपाच्या टोकाला. काठीचा कोन ही दोरी ठरवते. दोन्ही बाजूंच्या वरच्या दोऱ्या एकमेकींना तोलतात. पाइप दिव्यासाठी किंवा झेंड्यासाठी लावलेला पातळ असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

२. पुढची. हिचा हिशोब वर झाला. ही ताठ असली पाहिजे, काठी पाहताना किंचित पुढे झुकलेली दिसली तरी चालेल. गरीची ओढ लागली की ती सरळ येते.

३. मागची. ही खालच्या अंगाला, काठाच्या आतल्या कडीला बांधा. होडी लाटेवर आपटली की काठी पुढे आणि वर उसळते, ते ही रोखते. हिला ताण कमी येतो, पण ही नसेल तर काठी दिवसभर हिसके देत राहते आणि बुंधा सैल होतो.

पुढच्या दोरीचं काठाकडचं टोक एका हाताने, ताण असतानाही सोडता येईल अशा गाठीने बांधा. काठी घाईने दुमडायची वेळ येते तेव्हा गाठ आवळून बसलेली असते.

तपासणी : होडी जमिनीवरच असताना काठी लावा. काठीच्या टोकाला दोरी बांधून, वजनकाटा मध्ये घेऊन दोन माणसांनी मागच्या दिशेने ओढा, २५ किलोपर्यंत. तिसऱ्याने पायाशी डोळा लावून बसायचं. पाया हलला, फायबर फुगलं किंवा आवाज आला तर पुढच्या दोरीत ढिलाई आहे किंवा तिचा कोन लहान आहे. आधी ते नीट करा. ही तपासणी पाण्यात करता येत नाही, म्हणून ती इथेच व्हायला हवी.

सावधान : उभ्या केलेल्या काठ्या पाच-सहा मीटर उंच जातात. खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि जुने पूल आठवा. ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची काठी वीज वाहून नेते, ओला बांबूसुद्धा. बंदरात शिरताना काठ्या आडव्याच हव्यात. आभाळात गडगडलं तरीही आडव्या करा.

टप्पा ८ : गरीची दोरी भरणं

काठीच्या टोकाच्या कप्पीतून एक बारीक दोरी गोल फिरवा, विहिरीच्या रहाटासारखी, आणि तिच्यावर क्लिप बांधा. मुख्य दोरी पाण्यात सोडून झाली की क्लिपमध्ये अडकवायची आणि फिरती दोरी ओढून क्लिप टोकाला न्यायची.

खुंट्यापाशी रबर. ट्यूबचा ६० सेंटिमीटरचा पट्टा आणि त्याला समांतर दीड मीटरची जोडदोरी. रबर ताणून माशाचा पहिला झटका घेतं, दोरी ते तुटण्याआधी थांबवते. जोडदोरी आखूड ठेवली तर रबर कामच करत नाही. नसलीच, तर रबर तुटलं की सगळंच गेलं.

सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून वायर लागतेच. पण दोन हात लांब वायर लावली की मासा बिचकतो. ३० ते ६० सेंटिमीटर पुरे. वायर आणि तंगूस यांच्यामध्ये बॉल बेअरिंगचं स्विव्हल लावा. साधं स्विव्हल ओढीखाली फिरत नाही, आणि तंगुसाला तासाभरात इतका पीळ बसतो की ती दोरी फेकूनच द्यावी लागते. स्लीव्ह (वायरचा फास पक्का करणारी धातूची छोटी नळी) दाबताना तिचं अगदी टोक दाबू नका. टोकाला धार येऊन तीच वायर कापते. मधला भाग दाबा, कडा किंचित उघड्या राहू द्या.

प्रत्येक ट्रेस वजनकाट्याने २० किलोपर्यंत ओढून पाहा. न ओढलेला ट्रेस पेटीत ठेवू नका.

रॉडच्या रिळाचा ड्रॅगही (ठरावीक ताणाला दोरी सोडणारा ब्रेक) काट्यानेच लावा : दोरी १५ किलोची असेल तर ड्रॅग ४ ते ५ किलोला सुटला पाहिजे. प्रत्येक रॉडला होडीशी जोडणारी एक सुरक्षादोरी असावी.

टप्पा ९ : पाण्यावर

पहिली फेरी गळ न लावलेल्या लुअरने करा. एवढा धीर धरा.

पहाटेच्या मतलईवर (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर), पाणी शांत असताना निघा. वेग जीपीएसवर पाहा, इंजिनाच्या आवाजावरून अंदाज करू नका. लुअरला सुरमईसाठी ४ ते ६ नॉट, कुप्यासाठी थोडा जास्त. बांगड्यासारखं मेलेलं आमिष ओढायचं असेल तर त्याहून बरंच हळू.

क्लिपचा ताण इथेच ठरतो. लुअर पूर्ण वेगात असताना मुख्य दोरीला काटा लावून ओढ मोजा. क्लिप त्याच्या साधारण दुप्पट ताणाला सुटावी. त्याहून सैल असेल तर लाटेच्या हिसक्यानेच सुटत राहील. फार घट्ट असेल तर मासा काठीवरच बसेल.

सोडण्याचा क्रम : आधी काठ्यांवरच्या बाहेरच्या दोन, लांब. मग मागच्या दोन, आखूड. बाहेरच्या ४५ आणि ३५ मीटर, आतल्या २५ आणि १५ मीटर ही सुरुवातीला चांगली मांडणी आहे. चारही लांबी वेगळ्या हव्यात. आतल्या दोन जड किंवा खोल जाणाऱ्या, बाहेरच्या हलक्या, वरून चालणाऱ्या. मग गुंता होण्याआधी त्या एकमेकींच्या खालून-वरून निसटतात. गोळा करताना क्रम उलटा, आखूड आधी.

वळण मोठं घ्या. वळताना आतल्या बाजूच्या गऱ्यांचा वेग मरतो आणि त्या खाली जातात, बाहेरच्या वर येतात. वेंगुर्ला रॉक्ससारख्या खडपांजवळ आखूड वळण घेतलं की आतली गरी तळाला लागलीच म्हणून समजा. वळण हळूहळू घेत पूर्ण फिरायला चार मिनिटं लागली तरी हरकत नाही.

मासा लागला की इंजिन एकदम बंद करू नका. दोऱ्या ढिल्या पडून पंख्याकडे येतात. वेग कमी करा, पुढे चालत राहा, आखूड गऱ्या आत घ्या आणि मग मासा ओढा. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. हातमोजे हवेतच, आणि धारदार सुरी सुकाणूवाल्याच्या हाताशी. लाइफ जॅकेट अंगात, इंजिनाच्या किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी चालकाच्या मनगटाला. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर

आल्याबरोबर सगळ्यावर गोडं पाणी मारा, क्लिपच्या आतून विशेष. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक नटाला पाना लावून पाहा. नवी दोरी ताणल्यावर लांबते, म्हणून पुढच्या ताणदोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतील. पायाभोवतालचा भाग पुसून कोरडा करा आणि बारीक तडे दिसतात का ते तिरक्या उजेडात टॉर्च धरून पाहा. तडा केसाएवढा असला तरी काठी उतरवा, आतून फळी तपासा. ट्यूबचं रबर उन्हाने चिरतं, ते दर हंगामात बदला. ट्रेसवर एक जरी मोड पडली असेल तर ती वायर तशीच वापरू नका. मोडीच्या जागी कापून नवीन बांधा आणि पुन्हा काट्याला लावा.